मुकी प्लेट

मॅडम आपला मोबाइल डेसिकेटरमध्ये ठेवायच्या. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं, झाकण असलेलं भांडं. प्रयोगशाळेत वस्तूंना ओल लागू नये म्हणून वापरतात. तळाशी ओल शोषणारे निळे खडे, त्यावर जाळी आणि झाकणाच्या कडेला व्हॅसलीन. आमच्याकडे अशी दोन भांडी होती. एकात अँटिबायोटिकच्या चकत्यांच्या बाटल्या असत, दुसऱ्यात मॅडमचा फोन. सकाळी आल्या की त्या साडीवर कोट चढवायच्या, फोन आत ठेवून झाकण सरकवून बसवायच्या, आणि मगच हात धुवायच्या. आत तो वाजला की बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज येतो, असं आमचे टेक्निशियन भैयाजी सांगायचे. ते म्हणायचे, "मॅडम, फोन." मॅडम वर न बघता म्हणायच्या, "वाजू दे. ज्याले खरंच काम हाय तो पायानं येते."

मला तो आवाज कधी ऐकू आला नाही. ते भांडं माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला होतं.

लहानपणी एकदा सर्दी-तापानंतर माझा डावा कान खूप ठणकला होता. मग एके सकाळी उशी ओली झाली आणि दुखणं थांबलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. पण पडद्याला पडलेलं भोक काही भरलं नाही. त्यानंतर सर्दी झाली की कान वाहायचा, डोक्यावरून आंघोळ केली की वाहायचा. आई औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणायची. चार दिवस टाकले की थांबायचा आणि बाटली फ्रीजच्या दारात जाऊन बसायची. शाळेत तिसरीत असताना बाकावरच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला. टीचरनी मला काही न विचारता मागच्या बाकावर बसवलं. त्या चांगल्या होत्या, त्यांनी ते अगदी हळू आवाजात केलं. तेव्हापासून वर्गात, ऑटोत, लग्नाच्या पंगतीत कुठं बसायचं हे मी आधी ठरवते. कापसाचा बोळा आणि त्यावर केस. त्यानंतर घराबाहेर कुणालाही कळू दिलं नाही. मी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचं कारण कुणी विचारत नसे. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की असाच वाहत राहिला तर आहे तेवढं ऐकूही जाईल; वेळेवर ऑपरेशन करून पडदा बसवा. पण ऑपरेशन म्हणजे पट्टी, आणि पट्टी म्हणजे सगळ्यांना कळणं. मी ते पुढं ढकलत राहिले.

अशात मला एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी विषय मिळाला: मधल्या कानाच्या जंतुसंसर्गात कोणते जिवाणू सापडतात आणि त्यांच्यावर कोणती अँटिबायोटिक चालतात. विषय मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, दिला. यादीत पाण्याचे होते, दुधाचे होते, जखमांचे होते. मला कानाचा का दिला, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिकली कोठं?"

"इंग्लिश मीडियममध्ये."

"मंग कान फुटलेल्या लेकराच्या मायले का विचारशील? डिस्चार्ज आहे का?"

त्यांच्या बोलीत 'का' म्हणजे 'काय'. मी खरंच तेच विचारणार होते.

"म्हण, कान वाहाते का?"

मला ते म्हणता येईना. आमच्या घरी हे हिंदीत बोललं जायचं, तेही हळू, आणि माझ्याविषयी. मॅडम हातातला चिमटा तसाच धरून थांबल्या. शेवटी मी म्हटलं, "कान वाहाते का?"

"जी लाव पुढं. माय हाय ते."

"कान वाहाते का जी?"

"हां. इंग्लिशले मराठी येते," त्या भैयाजींना म्हणाल्या. तेव्हापासून माझं नाव 'इंग्लिश' पडलं. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

त्या मूळच्या सडक अर्जुनीकडच्या. घराणं तलाव खोदणाऱ्यांचं. गावचा तलाव आपल्या पूर्वजांनी बांधला हे त्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सांगायच्याच. लग्न केलं नव्हतं. पुरुषी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, पायात कॅनव्हासचे बूट, आणि जायला-यायला एक जुनी लुना, जिचा आवाज आधी येई आणि ती नंतर. रिपोर्ट लिहायच्या ते अगदी आखीव इंग्रजीत. पण बोलायच्या गावच्याच भाषेत. शिपायाशी, रुग्णाशी, नागपूरहून आलेल्या मोठ्या डॉक्टरांशी, सगळ्यांशी तीच. एकदा अशाच एका पाहुण्या डॉक्टरांनी हसून विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं शहरात, तरी भाषा तीच?" मॅडम म्हणाल्या, "जिवाणूले समजते. तुम्हाले अडचन होऊन राहिली का?"

सकाळी इन्क्युबेटर उघडताना त्या आतल्या प्लेटांना विचारायच्या, "उठल्या का माय?" आम्हाला हसू यायचं. मग एकेक काचेची बशी हातात घेऊन उजेडाकडे धरायच्या. रात्रभराच्या उबेत, कानात फिरवलेल्या स्वॅबच्या कापसावरचं काय काय वाढलं ते त्यावर दिसे. कुठं सोनेरी ठिपके. कुठं लाटेमागून लाट अशी अख्खी बशी व्यापणारं राखाडी पांघरूण, त्याला त्या म्हणायच्या, "बांधी फुटली." भाताच्या बांधीतून पाणी सुटावं तसं ते खरंच दिसे. सर्दीनंतर कान ठणकणाऱ्या लहान पोरांचे जिवाणू फार नखरेल. त्यांना रक्त तापवून केलेलं तपकिरी माध्यम लागतं, ज्याला चॉकलेट म्हणतात. भैयाजी एकदा एका रडणाऱ्या पोराला म्हणाले, "चुप हो जा, अंदर मॅडम तेरे कान के कीड़ों को चॉकलेट खिला रही है." पोरगं रडायचं थांबून म्हणालं, "मले?"

आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानांतून बहुतेक वेळा यायचा तो हिरवा. स्यूडोमोनास. बशीचा तळच हिरवट होऊन जायचा. त्याला एक गोडसर वास असतो. प्लेट नाकाशी न्यायची नाही, असा नियम आहे आणि तो आम्हाला मॅडमनीच शिकवला. स्वतः मात्र झाकण जरासं उचलून हुंगायच्या. "माह्यं नाक आता रिटायर होऊन राहिलं. तुमचं नोको." मी एकदा पुस्तकात वाचलेलं सांगितलं की हा वास द्राक्षांसारखा असतो.

"द्राक्षं कोनं पाहिली इथं? मोहाच्या फुलासारखा हाय. मोह पडते तवा जंगलातून जाऊन पाह्य."

आलेला जिवाणू दुसऱ्या बशीत पसरायचा, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा उबेत. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो, सारवलेल्या अंगणासारखा. जे चालत नाही त्याच्या चकतीला जिवाणू अगदी खेटून उगवतात. मॅडम स्टीलच्या पट्टीनं ती अंगणं मोजायच्या आणि आकडे सांगायच्या, मी लिहायची. यासाठी त्या टेबलाला पूर्ण वळसा घालून, वाटेतली स्टुलं सरकवत माझ्या उजव्या बाजूला यायच्या. दर वेळी. डावीकडून सरळ वाट होती तरी. डेसिकेटरमधला फोन, उलटं घड्याळ, तसाच हाही एक नाद असेल असं आम्ही सगळे समजत होतो. मीसुद्धा.

आमगावहून पॅसेंजरनं एक बाई आली होती, कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. मॅडमनी पोरीच्या कानातला बोळा काढला.

"का टाकलं कानात?"

"काही नाही जी."

मॅडमनी बोळा नाकाजवळ नेला. "लसूण. तेल कोनतं?"

"जवसाचं जी. थोडंसंच."

"कानात भाजी कायले करून राहिली?"

बाई पदरात हसली. पोरगीही आईकडे बघून हसली.

"अन् दुकानातले थेंब?"

"ते तं टाकतो जी. वाहाते तवा टाकतो, थांबलं का ठेवून देतो."

"अन् मंग पुन्हा वाहाते."

"हो जी."

"अन् मंग बाटली नंदेच्या पोराले."

बाईनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बाटली नणंदेच्या पोराकडेही गेली होती, हे तिच्या चेहऱ्यावरच होतं. मॅडमनी स्वॅब घेतलाच नाही. म्हणाल्या, आठवडाभर कानात काही टाकू नको, आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस लाव, आणि मग ये.

"वाहील ना जी."

"वाहू दे. वाहाल्याशिवाय आत कोन बसला हाय ते कसं समजन?"

बाई पोरीला घेऊन निघाली तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "मागून जा, पुन्हा सांग. माह्यं ऐकत नाहीत, भेतात." मी जिन्यापर्यंत गेले आणि त्या बाईला सांगितलं, आठवडाभर काही टाकू नका जी, थेंब आधी टाकले तर काही उगवणार नाही. तिनं मान हलवली. पुढच्या खेपेला ती खरोखर तशी आली.

त्यांना सगळ्यात नावडणारी गोष्ट म्हणजे काहीच न उगवलेली बशी. आधी औषध पडलेल्या कानाचा स्वॅब असेल तर औषध स्वॅबवरूनच बशीत उतरतं, जिवाणू दबतात आणि बशी कोरी राहते. इतर ठिकाणी 'वाढ नाही' असं लिहून रिपोर्ट देतात. मॅडम सही करायच्या नाहीत. बशी हातात घेऊन खिडकीशी उभ्या राहायच्या. "मुकी हाय," म्हणायच्या. "रिकामी नाही. कोनं तरी तोंड दाबलं हाय तिचं."

एका रविवारी त्या मला लुनावर बसवून गावी घेऊन गेल्या. गोंदियात, मुर्रीतल्या आमच्या घरासमोर लुना थांबली तेव्हा आई दारात आली आणि मॅडमना बघून गोंधळली. प्रोफेसर असतील असं तिला वाटलं नाही. वाटेत त्या बोलत होत्या, पण वाऱ्यात मला अर्धंच कळत होतं. मग माझ्या लक्षात आलं की त्या मान उजवीकडे वळवून बोलताहेत.

तलाव मोठा होता. पाळीवर जांभळाची झाडं होती, खाली पोरं पाण्यात उड्या मारत होती. मॅडमनी टॉर्च काढली. त्यांना बघून पोरं ओळीनं वर आली, ओली, एकेक कान पुढे करून. बाजूला बैल धूत असलेला एक माणूस म्हणाला, "बाई, या तलावाच्या पान्यानंच कान फुटून राहिले पोरांचे. बंद करा म्हना पोहनं."

"पान्यानं कान फुटत नाही. फुटलेल्या कानात पानी जाते," मॅडम म्हणाल्या. "तलाव काऊन बंद करतोस? कान बंद कर."

"तुमच्या आज्याचा तलाव म्हनून तुम्ही त्याचीच बाजू घेता."

"हो. घेतो."

तो हसला आणि बैलाकडे वळला. मॅडमनी एका पोराच्या कानात व्हॅसलीनचा बोळा बसवला, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पोरगं पुन्हा पाण्यात गेलं. आम्ही पाळीवर बसलो. त्या माझ्या उजवीकडे.

"तुले पोहता येते?"

"नाही."

"काऊन?"

मी गवताची काडी तोडत राहिले.

"भेव पान्याचं का कानाचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या तलावाकडे बघत होत्या. पलीकडच्या उथळ पाण्यात दोन बगळे उभे होते. प्रबंधासाठी तुलना म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या निरोगी कानाचा स्वॅब घेतला होता. मी उजव्याचा दिला होता. दुसऱ्या वेळी मागितला तेव्हाही उजव्याचाच.

"उजवे झाले तुझे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी डाव्याचा दे."

मी "हो" म्हटलं. एवढंच. पण परत येताना लुनावर मला रडू येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. कुणाला तरी माहीत होतं आणि ते माणूस सरकून बसलं नव्हतं. उलट टेबलाला वळसा घालून येत राहिलं होतं.

तरी त्या आठवड्यात मी काय केलं? घरी गेले, फ्रीजच्या दारातली बाटली काढली आणि रोज थेंब टाकले. स्वॅब घेताना कान कोरडा असावा, वास येऊ नये, भैयाजींनी बघितलं तर सगळं नीट दिसावं, एवढंच डोक्यात होतं. आमगावच्या बाईला मी जिन्यावर काय सांगितलं होतं, ते मला एकदाही आठवलं नाही. मला ते रुग्णांसाठी असतं असं वाटत असावं.

माझी बशी कोरी निघाली.

मॅडमनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग म्हणाल्या, "भैया, चहा आना." भैयाजी म्हणाले, "अभी तो पिये, मॅडम." त्या म्हणाल्या, "अजून आना." ते गेले. मॅडम वळसा घालून उजवीकडे आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"आमगावच्या बाईले का सांगतली होतीस तू?"

"थेंब टाकू नका."

"अन् तुले कोनी सांगतलं नव्हतं?"

मी केस डाव्या कानावर ओढले.

"कायले टाकले?"

"लाज वाटली."

"कोनाची?"

"वासाची."

मॅडम उठल्या. आदल्या दिवशीच्या बशांतून एक हिरवी काढली, झाकण बोटभर उचललं आणि स्वतःचाच नियम मोडून माझ्यापुढे धरली.

"कायचा वास हाय?"

मोह मी तोवर कधी हुंगला नव्हता. तरी म्हटलं, "मोहाचा."

"हा याचा वास हाय, तुझा नाही. भाडेकरूच्या सैपाकाचा वास घरमालकाच्या अंगाले लावतात का?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. बशी झाकून म्हणाल्या, "आता बाटली फेक. आठवडाभर काही टाकायचं नाही. वाहू दे."

"इथं येऊ?"

"मंग कोठं जाशील? प्लेटा कोन वाचन?"

त्या आठवड्याची मला फार आठवण येते. विचित्र आहे, कारण ज्याला मी आयुष्यभर भ्याले तेच त्यात होतं. कान वाहू लागला. मी बोळा बदलत होते, ओढणी खांद्यावर घेत होते, आणि रोज येत होते. पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसले तेव्हा मॅडमनी आपलं स्टूल आणून माझ्या डाव्या बाजूला ठेवलं, आणि आठवडाभर तिथंच बसल्या. त्यामुळे त्या बाजूला दुसऱ्या कुणाला बसता येईना. काही बोलायचं असलं की उठायच्या, वळसा घालून उजवीकडे यायच्या, बोलायच्या, आणि परत डावीकडे जाऊन बसायच्या. भैयाजी म्हणाले, "मॅडम, एक जगह बैठो ना, चक्कर आ रहा है देख के." त्या म्हणाल्या, "तू प्लेटा धू."

दुसऱ्या वेळची बशी हिरवी निघाली. गर्द. मॅडमनी तिच्याकडे बघून मान हलवली, गावच्या ओळखीचा माणूस स्टेशनवर दिसल्यावर हलवतात तशी. मग चकत्यांची बशी. मी मोजायला पट्टी घेतली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. स्वतःचं स्वतः मोजायचं नाही म्हणाल्या. मी इतकी वर्षं जे थेंब टाकत होते त्या औषधाच्या चकतीभोवती अंगण नव्हतंच. हिरवा अगदी कडेला टेकला होता.

"पाह्य. चार दिवस टाकायचं, थांबलं का बंद करायचं. बाटलीतलं औषध कडक, तेवढ्यापुरता मान खाली घालते. मरत नाही. सवय होऊन गेली त्याले."

दुसऱ्या दोन चकत्यांभोवती मोठी, लख्ख अंगणं होती. मी त्या अंगणांकडे बघत राहिले. माझ्या कानाविषयी कुणीतरी काहीतरी चांगलं सांगतंय असं पहिल्यांदा घडत होतं.

रिपोर्ट मॅडमनी स्वतः लिहिला. त्यावर माझं पूर्ण नाव होतं, त्यांच्या अक्षरात. तो मी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कान साफ केला, औषध बदललं, आणि सांगितलं की काही महिने सलग कोरडा राहिला तर नागपूरला पडदा बसवता येईल. मी घरी आईला ऑपरेशनचं सांगितलं, मग मावशीला, मग मैत्रिणीला. पहिल्यांदा सांगताना हात कानावरच्या केसांकडे गेला. तिसऱ्यांदा गेला नाही.

मॅडम त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी होऊ दिलं नाही. सगळ्यांना समोसे दिले आणि डेसिकेटरमधून फोन काढून पदराला पुसला. मी लुनापर्यंत सोडायला गेले.

"तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही," मी म्हटलं. इतकं धीट मी त्याआधी त्यांच्याशी बोलले नव्हते.

"ऑपरेशन होऊ दे. मंग डाव्या बाजूनं येतो, अन् नावानं हाक मारतो. तवरी इंग्लिश."

गावी गेल्यावर त्यांचा फोन कधी लागायचा नाही. म्हणजे लागायचा, वाजत राहायचा. एकदा उचलला तेव्हा कळलं की घरी डेसिकेटर नाही म्हणून तो तांदळाच्या डब्यात असतो. "ओल लागत नाही," म्हणाल्या. कान कसा आहे विचारलं. पावसाळ्यात सर्दी होऊन तो पुन्हा वाहिला होता, त्यामुळे तारीख पुढं गेली होती, ते मी सांगितलं. "घाई कायची हाय? तलाव एका वर्सात बांधला नोता," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

हिवाळा संपताना भैयाजींनी सांगितलं की मॅडम गेल्या. सकाळी अंगणात बसल्या बसल्या. मी गावी पोहोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्यांची भाची मला आत घेऊन गेली. चहा ठेवताना तिनं तांदळाचा डबा उघडला, आणि मी दुसरीकडे बघितलं. निघताना तलावावर गेले. पाणी उतरलं होतं. पोहायला कुणी नव्हतं. मी पाळीवर बसले, आणि बसल्यावर कळलं की उजवीकडे जागा सोडून बसले आहे.

ऑपरेशन त्यानंतर झालं. पट्टी सुटली, कानात भरलेला बोळा काढला, आणि डॉक्टरांनी विचारलं, काही वेगळं वाटतं का. पहिला आवाज माझ्या केसांचा आला, कानावरून सरकताना. केसांना आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. नागपूरहून परतताना गाडीत मी मुद्दाम डावी बाजू लोकांकडे करून बसले. एक म्हातारी तिच्या सुनेची तक्रार करत होती. ती मी गोंदियापर्यंत सगळी ऐकली.

आता मी त्याच प्रयोगशाळेत आहे. तात्पुरती नेमणूक, पण टेबल तेच. आमगावच्या, सालेकसाच्या बाया येतात. मी विचारते, "कान वाहाते का जी? का टाकलं?" त्या म्हणतात काही नाही, आणि बोळ्याला लसणाचा वास असतो. एखादं मोठं पोर डोकं जरा कलतं धरून ऐकतं. तेव्हा माझे पाय आपोआप टेबलाला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला जातात. मग मला आठवतं की हे चालणं माझं नाही.

परवा दुपारी गर्दी ओसरली होती. दुसरं डेसिकेटर अजून तिथंच आहे, रिकामं. खड्यांचा निळा रंग जाऊन गुलाबी झाला आहे. मी माझा फोन त्यात ठेवला, झाकण सरकवून बसवलं आणि भैयाजींना म्हटलं, "जरा माझ्या नंबरवर फोन लावा ना."

"क्या हुआ, आप भी?" ते म्हणाले. पण लावला.

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, डावी बाजू भांड्याकडे. आधी काही नव्हतं. मग अगदी बारीक, काचेच्या आत, बाटलीत अडकलेली माशी. भैयाजींनी इतकी वर्षं सांगितली होती, तशीच.

ते माझ्याकडे बघत होते. "काट दूँ?"

"नको," मी म्हटलं. "वाजू द्या."

तो आपोआप थांबेपर्यंत मी तिथंच उभी होते.